मालक गेलेले तुकडे

३ जून

आलो एकदाचा! ऑफिस झकास आहे. मेनफ्रेमची, म्हणजे त्या अवाढव्य कॉम्प्युटरची, खोली इतकी गार की पहिल्याच दिवशी स्वेटर घालावा लागला. बायकोने तो जबरदस्तीने बॅगेत कोंबला होता, म्हणजे पुन्हा तीच शहाणी ठरली. काम असं आहे: मशीनची सामाईक मेमरी, म्हणजे सगळ्या जॉबनी, मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमनी, मिळून वापरायची जागा, हळूहळू भरत चालली आहे. ती कोणता जॉब खातोय ते मी शोधायचं. शोधलं तर नोकरी कायम, वर कंपनीचं क्वार्टर. मग बायको आणि छकुली इकडेच येतील. बाबा कधी नेणार म्हणून पोरीने तिकडे घर डोक्यावर घेतलंय.

मशीनवरचं माझं खातं अजून तयार नाही. तोवर आप्पांच्या खात्यातून काम करा, असं साहेब म्हणाले. आप्पा माझ्या आधी या खुर्चीवर होते, मागच्या वर्षी वारले. त्यांच्या बायकोला इथे चहाच्या कामावर घेतलंय. मावशी चहा फक्कड करतात, आणि आप्पा आपल्याला ‘राणी’ म्हणायचे हे लाजत लाजत सांगतात.

इथली एक पद्धत आवडली. चाचणीसाठी सामाईक मेमरीत तुकडा घेतला की त्यात आपल्या माणसाचं नाव लिहायचं. एवढ्या गर्दीत आपला तुकडा मग चटकन ओळखू येतो. मी ‘छकुली’ लिहिलं, जॉब संपवला आणि चहाला पळालो.

६ जून

चोर सापडला. कोणत्या जॉबने किती जागा घेतली हे मशीन इतकी वर्षं सांगत होतं, पण बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. चालू असलेले जॉब सगळे साव निघाले. जागा अडवलीय ती संपलेल्यांनी. जॉब संपला, घेतलेली जागा परत केलीच नाही. अशा तुकड्यांपुढे शेरा येतो: मालक गेला. सगळे आप्पांच्या खात्यातले आहेत.

हे तुकडे हाताने मोकळे करायचे नसतात. मालक गेला तरी दुसरं कुणी त्याच तुकड्याच्या आधाराने चालत असू शकतं. मशीन रीस्टार्ट करणं हाच सरळ उपाय. साहेबांनी कानांवर हात ठेवले. मशीन बंद झालं तर वरचे लोक त्यांना फाडून खातील म्हणे. हातानेच करा आणि क्वार्टरची किल्ली घ्या, असं म्हणाले.

मी हो म्हटलं. लाचार माणूस दुसरं काय म्हणणार?

७ जून

सगळ्यात जुना तुकडा मोकळा केला. आधी आत डोकावलो: ‘राणी’. आप्पांची गंमत वाटली. काही बिघडलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि हे रोज सकाळी आपोआप व्हावं असं सांगितलं. तसा जॉब लावून दिला. जुन्यापासून सुरुवात, रोज एक तुकडा.

८ जून

मावशी आल्या नाहीत. साहेबांना विचारलं, तर कोण मावशी, असं त्यांनीच मला विचारलं. चहा म्हणे पहिल्यापासून यंत्राचाच आहे. मावशींची पिशवी ज्या खिळ्याला असायची तिथे खिळा नाही. भिंतीला भोकसुद्धा नाही.

आज सकाळचा तुकडा: ‘धाकटा’. आप्पांचा धाकटा भाऊ ऑफिसच्या फाटकावर असतो ना? मला रोज सलाम करतो.

९ जून

फाटकावर भलताच माणूस. तो म्हणतो, मी इथे कायमचाच.

मालक गेलेल्या तुकड्यांची यादी पुन्हा काढली. आज ‘आई’ गेला. आप्पांचा तो शेवटचा. उद्याचा तुकडा आप्पांच्या खात्यात आहे, पण आप्पांचा नाही. मी घेतलेला. परत द्यायचा राहिलेला. शेरा तोच.

जॉब थांबवायला बसलो — खातं उघडेना. साहेबांनी तासाभरापूर्वीच बंद केलं. गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवणं बरं नाही म्हणे. चालू जॉब मात्र चालूच राहतो. माझं खातं? फाईल फिरतेय.

पाय धरले त्यांचे. रीस्टार्ट करा म्हटलं. मशीन आत्ता कुठे सुतासारखं सरळ चालतंय, असं म्हणून हसले. किल्ली माझ्या हातात ठेवली. तीन खोल्या. एक पोरीला. थू माझ्यावर.

संध्याकाळी फोन केला. पोरगी दात पडल्याचं सांगत होती. बोलत राहा म्हटलं. खूप बोलली.

१० जून, सकाळ

जॉब झाला. बरोबर वेळेवर —

फोन लावला. बायको मजेत. नवीन घराला पडदे कोणते घेऊ विचारते. मी म्हटलं, आधी तिला फोन दे. कुणाला, म्हणाली. हसत होती. मी म्हटलं, अगं आपल्या — दात पडला ना तिचा — आपली —

नाव लिहून ठेवतो. आत्ता ओठांवर होतं. आपली छ