वाल्मिकअण्णांचं लॉगिन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आले बाई एकदाची! नगरहून नेवाशापर्यंत एसटी आणि पुढे गोरक्षभाऊंच्या मोटारसायकलवर, लॅपटॉप पोटाशी धरून. प्रवरेकाठचं हे जलशुद्धीकरण केंद्र. इथून सोळा गावांना पिण्याचं पाणी जातं. माझं काम तीन आठवड्यांचं, इथल्या संगणकांना सायबर सुरक्षेची चौकट बसवायची. पंप, व्हॉल्व्ह, क्लोरीनचा डोस, सगळं आता एका पडद्यावरून चालतं. म्हणजे पडद्यात चोर शिरला की तो थेट सोळा गावांच्या हंड्यात. पप्पांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, कृपा, म्हणजे तू वॉचमन झालीस. शाळामास्तर माणूस, एका वाक्यात पाणउतारा करतो.

गोरक्षभाऊ इथले मुख्य ऑपरेटर. त्यांच्या हाताखाली आदिनाथ आणि रात्रपाळीचे एक-दोघं, आणि झाडलोट-स्वयंपाक बघायला बनुबाई. बनुबाईंच्या हातचं पिठलं खाल्लं आणि काम जरा पुरवून पुरवून करायचं ठरवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चौकटीची पहिली पायरी म्हणजे घरात काय काय आहे त्याची मोजदाद. मोजदाद कसली, पंचनामाच! पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला. तिघं-चौघं पाळीपाळीने काम करतात, पण सगळे एकाच नावाने आत शिरतात: वाल्मिक. यातला वाल्मिक कोण, म्हणून विचारलं तर सगळे एकमेकांवर ढकलायला लागले. शेवटी आदिनाथ म्हणाला, दोन वर्षांपूर्वी शुद्ध पाण्याच्या टाकीत पडून गेले.

दोन वर्षं मयत माणूस पंप चालवतोय! मला हसू आलं. दुसरं कुणी हसलं नाही. गोरक्षभाऊ एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई अण्णांचं नाव. त्याच्यावरच नीट चालतंय."

आळस, दुसरं काय. नवीन पासवर्ड पाठ करायला नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नियम साधा आहे. ज्याने त्याने आपापल्या नावाने काम करायचं, गेलेल्याचं नाव काढून टाकायचं, आणि कुणी काय केलं याची नोंद अशी ठेवायची की ती कुणालाही पुसता येऊ नये. ही नोंदवही मी आज बसवली. मलासुद्धा त्यातलं अक्षर बदलता येणार नाही. स्वतःवर खूश आहे.

पण नाव द्यायला कुणी तयार नाही. गोरक्षभाऊ विषय टाळतात. आदिनाथने तर हात जोडले, बायको गरोदर हाय ताई, माझं नको. अरे, नाव मागतेय, किडनी नाही! शेवटी सगळे अधिकार तूर्त माझ्या नावावर टाकले; रोजचे पंप वेळापत्रकावर आपोआप चालतील.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाल्मिकअण्णांचं खातं काढलं. त्या वेळी गोरक्षभाऊ बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. काहीही झालं नाही. पंप चालू, पाणी चालू.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेसाठी नगरला, आमच्या ख्रिस्ती देवळात गेले होते. दुपारी उशिरा परत निघते तोच आदिनाथचा फोन. अकरा दहाला क्लोरीनचा डोस तिप्पट झाला. नदीपलीकडच्या गावात उलट्या, डोळ्यांची आग, अकरा जण सरकारी दवाखान्यात. त्यात एक सात वर्षांची मुलगी आहे, ज्ञानेश्वरी नावाची. तिची अवस्था सगळ्यात वाईट.

नोंदीत नाव: कृपा.

अकरा दहाला मी आई-पप्पांच्या मधे उभी राहून गीत म्हणत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर चोर शोधला. बाहेरून कुणी आलेलं नाही. बाहेरची जोडणीच मी उपटून टाकली आहे. आज्ञा दिली गेली ती याच खोलीतून, याच कीबोर्डवरून. त्या वेळी गोरक्षभाऊ समोर बसले होते. ते म्हणतात, कुणी हात लावला न्हाई.

चौकशीला साहेब लोक आले. नोंदवहीची प्रत घेतली. मी सांगितलं, देवळात शंभर माणसांनी मला पाहिलं. त्यांनी विचारलं, तुमचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. नोंद कुणाला बदलता येते? कुणालाच नाही. माझ्या हाताने बांधलेला फास आहे हा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या प्रतीतून अण्णांचं खातं परत आणलं, माझं काढलं. बनुबाईंनी सगळ्यांसाठी चहा ठेवला. सव्वातीनला डोस पुन्हा चढला. नाव माझंच, काढलेलं खातं आपोआप परत जागेवर.

गोरक्षभाऊंनी धावत जाऊन क्लोरीनचं गंजलेलं चाक हाताने बंद केलं. पाच मिनिटांत ते उघडं. नोंद आली: चाक हाताने उघडलं, कृपा. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते, आदिनाथ शेजारी होता. त्यानेच माझे तळवे उलटे करून बघितले.

गंज. दोन्ही तळव्यांवर.

मला खूप भीती वाटते आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बनुबाईंनी दार लोटून घेतलं आणि गोरक्षभाऊंना सांगायला लावलं. पडदा नवा बसवला तेव्हा पहिलं नाव वाल्मिकअण्णांचं टाकलं होतं. त्यांच्याही नावाने हेच सुरू झालं. चौकशी, शिव्या, लोकांनी तोंड बघायचं सोडलं. मग एका सकाळी ते टाकीत सापडले. आणि त्या दिवसापासून सगळं शांत. "जित्या मानसाचं नाव घावलं की ते त्याला वापरतंय, ताई. मेलेल्याच्या नावावर गप पडून ऱ्हातंय."

म्हणून कुणी नाव देत नव्हतं. म्हणून चिकटपट्टी.

मग मला आधी का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडले. गोरक्षभाऊ म्हणाले, तुमी शिकलेल्या. हसला असता.

हसलेच असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं बंद केलं. वीजसुद्धा. सोळा गावं कोरडी. दुपारपर्यंत फाटकाशी हंडे घेऊन बायका. वरून हुकूम आला, चालू करा. केलं.

चार वाजता — पुन्हा.

दवाखान्यात आणखी सहा. ज्ञानेश्वरीला नगरला हलवलंय. श्वासाच्या नळीवर आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आता नोंद आधी येते. मग हात हलतो. माझा. मी बघत असते आणि तो — थांबवता येत नाही. आदिनाथने मनगट धरून ठेवलं, त्यालाही आवरेना.

पप्पांचा फोन. घरी ये म्हणाले. मी घरी असतानाच तर झालं होतं, पप्पा.

प्रार्थना म्हणायला बसते. "आमच्या बापा"च्या पुढे शब्द —

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

गोरक्षभाऊ आले होते. वर बघेनात. म्हणाले, ताई, तुमचा पासवर्ड तेवढा लिहून ठिवा. तुमच्या मागं आमाला लागंल.

फार अदबीने म्हणाले. बनुबाई दारात पदर तोंडात धरून रडत होत्या. मी लिहून दिला. दुसरं काय करणार होते मी? ती पोर नळीवर आहे.

फाटक उघडं आहे. कुणी अडवलेलं नाही. पण कुठे जाऊ —

४ वाजून १० मिनिटं

पडद्यावर नोंद आली आहे. ४:२०. शुद्ध पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. कृपा.

त्याखाली आणखी एक. ४:२२. नाव माझंच. पुढचं वाचलं नाही —

४:१६

पाय निघाले आहेत. डावा हात दाराच्या कडीला — उजव्याने लिहितेय, हा अजून माझा आहे —

पप्पा, सगळे म्हणतील तिने स्वतःच केलं. नोंद तशीच दिसेल आणि ती कुणाला पुसता येणार नाही. ही वही मिळाली तर सगळ्यांना दाखवा. त्यांना सांगा, त्या पोरीच्या आईला आधी सांगा, की ते सगळं मी