बिडीच्या हातांचे मोती

करडी, ता. मोहाडी
१४ मार्च २०१७

प्रिय हर्षा,

सप्रेम जयभीम. परवा फोनवर म्हणालीस, रत्नागिरीची नोकरी सोडून गावी येते, माझ्या शिकवण्यामुळे बायांच्या आठशे शिंपल्या मेल्या, त्याची भरपाई करते. मी नुसती हं हं करत राहिले. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? म्हणून लिहायला बसले.

आधी बातमी. तुला न सांगता आम्ही बिडी वळणाऱ्या बारा जणींनी दीड वर्षापूर्वी शेतातल्या बोडीत, त्याच आपल्या छोट्या तळ्यात, पुन्हा पाचशे शिंपल्या टाकल्या. सगळं तू लिहून दिलेल्या वहीप्रमाणे. शिंपली जेमतेम एक सेंटिमीटर उघडायची, मांसाला धक्का न लावता आतल्या पापुद्र्याखाली मोत्याचा थर चढायला बुद्धाचा छोटा साचा सरकवायचा, मग जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात टांगायची. ती बया पाणी गाळून त्यातलं हिरवं शेवाळ खाते, म्हणून शेवाळ वाढायला बोडीत शेणाचा काला सोडला. दर पंधरा दिवसांनी पिशव्या काढून मेलेल्या वेचल्या, कारण एक सडली की पाणी नासतं. तुझे बाबा म्हणाले, माझी इतकी काळजी कधी घेतली नाहीस.

गेल्या महिन्यात उघडल्या. तीनशे दहा जगल्या होत्या! आमच्यातल्या कौशल्याबाईच्या पहिल्याच शिंपलीत चकचकीत बुद्ध निघाला आणि ती रडायलाच लागली. नागपूरच्या व्यापाऱ्याने डागी बाजूला काढून एकशे ऐंशी मोती घेतले, दीडशे रुपये नगाने. खर्च जाऊन प्रत्येकीला सोळाशेच मिळाले. तुमच्याकडे समुद्रातल्या शिंपल्या वाढवून खायला विकतात, आम्हाला त्यांच्या पोटातल्या वस्तूसाठी दीड वर्ष थांबावं लागतं. बिडी काही सुटली नाही. पण आता आंबागडच्या सहा बाया आमच्याकडे शिकायला येतात. त्यांची सुंदरबाई मला मॅडम म्हणते. मला, सातवी पासला! इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

आता दोन वर्षं गिळून बसले आहे ते. तू शिकवून नागपूरला गेलीस त्या दुपारी, हजाराच्या हिशेबाने बिडी वळायच्या सवयीने, मीच पैज लावली की कोण जास्त शिंपल्या भरते. आमचे हात सुटले. भराभर, नको तितक्या उघडल्या. आतले स्नायू फाटले आणि त्या पुन्हा मिटल्याच नाहीत; त्या आठशे अशा मेल्या. कौशल्याबाई ओरडली होती, "अवो विमलबाई, हे का बिडी होय? हरू हरू करा ना!" मी ऐकलं नाही. नंतर तू गावी येऊन सगळ्यांसमोर माफी मागून रडलीस तेव्हाही गप्प राहिले. माझी मान खाली जाऊ नये म्हणून तुझी जाऊ दिली, आणि बाकीच्याही माझ्याकडे बघून गप्प बसल्या.

काल सगळ्यांना अंगणात बसवून, आंबागडच्या बायांसमोर, मी हे कबूल केलं. मॅडमपण थोडं उतरलं, उतरू दे. तुझं शिकवणं बरोबर होतं, त्याच्याच जोरावर या तीनशे दहा जगल्या. तुझ्याकडून कुणाला काही येणं नाही. राजीनामा लिहिला असशील तर फाडून टाक.

तुझीच, चुकलेली आणि तुझा फार अभिमान असलेली,
आई