कॉफीच्या भांड्यांसकट बंधूंना घेऊन जा

ती. वन्संना,

शिवणाच्या पसाऱ्यातून, पण मनापासून, साष्टांग नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावाही त्याच्या बाजूने कुरकुरायला लागलाय असं मागे कळवलं होतंत, त्याला आताच दाबात ठेवा. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणाल तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि तिथून पुढे जायला जागा नाही, म्हणून ती या कागदावर उतरते आहे. तुम्ही वडील, मी लहान तोंडी मोठा घास घेते, पण तुमच्या धाकट्या बंधूंना महिनाभर तुमच्याकडे बोलावून घ्या. कारण काहीही सांगा. घराला रंग द्यायचाय म्हणा, नळ गळतोय म्हणा. (नळ म्हटलंत तर पळत येतील.)

तुम्हाला ठाऊकच आहे, जन्मभर यांनी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं. सबंध शहर यांनी पास केलेलं पाणी प्यायलं आणि एकाही माणसाने कधी 'वा' म्हटलं नाही. (पाण्याला कोण वा म्हणतं?) निवृत्त झाल्यावर काही दिवस हे खिडकीत बसून समोरच्या इमारतीच्या टाकीकडे संशयाने पाहत होते. मला वाटलं, पाहू देत, टाकीचं काय जातंय. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत झाली आणि एका सकाळी यांची नजर टाकीवरून माझ्या पातेल्यावर आली. माझी कॉफी तुम्ही पाहिली आहे. पाणी, दूध, साखर आणि डब्यातली पूड एकत्र उकळायची, गाळायची आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत मशीनपाशी बसून एकटीने प्यायची. दिवसभरात माझा म्हणावा असा तेवढाच वेळ, नंतर सगळी दुसऱ्यांची मापं. तर बंधूंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला की ही कॉफी नव्हे, हा काढा आहे. इतकी वर्षं तोच काढा पिऊन हे कामावर गेले, तेव्हा जिभेला काय झालं होतं?

मग भांडी यायला लागली. आधी आलं दांडा दाबायचं काचेचं भांडं. पूड गरम पाण्यात भिजवायची, वाट पाहायची आणि मग दांडा हळू दाबायचा. इतका हळू, की दांडा तळाला पोचेपर्यंत माझ्या दोन बाह्या जोडून होतात. एकदा मी घाईत जोर लावला तर कॉफी छतापर्यंत उडाली. तो डाग हे अजून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, पुसत मात्र नाहीत. त्यानंतर दोन मजली किटली. खाली पाणी, मध्ये पूड आणि कॉफी तयार होते वरच्या मजल्यावर. वन्सं, जगात सगळं वरून खाली गळतं, आमच्याच घरात कॉफी जिना चढते, आणि चढताना असा घरघर आवाज काढते की ब्लाउज न्यायला आलेल्या नर्सबाई धावत आत गेल्या, कुणाला धाप लागली म्हणून. पुढे लांब दांड्याचं एक इवलंसं भांडं. त्यात फेस वर आला की उचलायचं, खाली बसला की परत ठेवायचं. ते कधी वेळेवर उचललं गेलं असेल तर शपथ. (शेगडी मी पुसते. यांच्या शास्त्रात पुसणं हा विषय नाही.) मग कागदी गाळणीचं नरसाळं, वजनकाटा आणि बगळ्यासारख्या मानेची किटली. ओट्यावर आता पोळपाट ठेवायचा तर मला परवानगी काढावी लागते.

पण भांडी मी सोसली असती. सोसवत नाही ते पुढचं. कप हातात दिला की हे समोर खुर्ची ओढून बसतात आणि माझ्या तोंडाकडे एकटक पाहतात. कशी झाली? चांगली म्हटलं तर चालत नाही. चांगली म्हणजे काय? आंबट की तुरट? मागाहून फुलाचा वास येतो का? अहो, सकाळी सकाळी माझ्या तोंडात फूल कुठून येणार! एकदा चिडून म्हटलं, ओल्या सुतळीसारखी लागते. तर हे आनंदाने उठलेच, म्हणाले, बरोबर, पाणी जास्त तापलं होतं. या माणसाचा अपमानसुद्धा करता येत नाही, तो यांच्या उपयोगी पडतो. आणि माझा तो एकटीचा वेळ? तो गेला. रोज सकाळी तोंडी परीक्षा.

आता खरं प्रकरण ऐका. नवी पांढरीफेक लेस जुन्या कपड्याला लावायची असली की आम्ही ती कॉफीच्या पाण्यात बुडवून जराशी पिवळट करतो. फ्रीजमध्ये बरणीभर काळं पाणी दिसलं, मला वाटलं कालची उरलीसुरली असेल. लेस बुडवली, पिळली, वाळत घातली. ती निघाली यांनी थंड पाण्यात रात्रभर भिजत घातलेली खास कॉफी! हे ती प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, आज काहीतरी वेगळंच साधलंय, कशी मऊसूत लागते. मी खरं काय ते सांगून टाकलं. (ती मऊसूत चव म्हणजे नव्या लेसची खळ होती.) रागावतील असं वाटलं होतं, पण हे विचारात पडले आणि फक्त एवढंच म्हणाले, "कापड!" तेव्हाच मी कात्र्या कुलपात ठेवायला हव्या होत्या.

आमच्या न्यायाधीशबाईंचा काळा गाऊन शिवायला आलाय. त्याच्या पाठीला आतून पांढरं सुती अस्तर, इतकं तलम की मी हात धुऊन हात लावत होते. कच्चे टाके घालून ट्रायलसाठी हँगरला लावला आणि बटणं आणायला बाजारात गेले. परत येते तो बाई दारात. गाऊन अंगात चढवायला बाईंनी आत हात घातला आणि तो बाहीत जायच्या ऐवजी पाठीच्या अस्तरातल्या भोकात शिरला. चांगलं बशीएवढं गोल भोक. बाई काही बोलायच्या आत तुमचे बंधू ट्रे घेऊन हजर! मी विचारलं तर लपवाछपवी नाही की लाज नाही. म्हणाले, कॉफी गाळायला इतकी एकसारखी वीण उभ्या घरात दुसरी नाही, आणि अस्तर आतूनच असतं, आतून कोण बघतं? आणि बाईंच्याच अस्तरातून गाळलेली कॉफी बाईंच्याच हातात दिली. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे बाई ती प्यायल्या, फुलासारखं काहीतरी लागतंय म्हणाल्या आणि दुसरा कप मागितला!

त्या 'फुला'ने माझं डोकं फिरलं. या बाई माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक, माझ्या हाताला नाव आहे ते बाईंसारख्यांमुळे, आणि माझ्या नवऱ्याने माझ्याच कात्रीने ते नाव गोल कापून गाळणीत घातलं. मी त्या ट्रेवर हात ठेवून सांगितलं की यांनी माझ्यासाठी केलेल्या कॉफीचा थेंबही यापुढे ओठाला लावणार नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "ऐकलं मी." म्हणजे शपथ झाली, आणि तीही न्यायाधीशांसमोर.

तेव्हापासून घरात शांतता आहे. यांनी सगळी भांडी धुतली (हो, धुतली!), कोरडी केली आणि माळ्यावर टाकली. एक शब्द बोलले नाहीत. भांडले असते तर मी पुरून उरले असते, पण गप्प बसून माणसाने दुसऱ्याला दोषी ठरवावं हा कुठला न्याय? सकाळी पाण्याचा पेला उजेडाकडे धरून पाहतात, पितात आणि खिडकीत जाऊन बसतात. मी माझं पातेलं ठेवते, माझी कॉफी उकळते, मशीनपाशी एकटीने पिते, अगदी पूर्वीसारखी. आणि ती काढ्यासारखी लागते! पातेल्याला हात न लावता या माणसाने माझी आयुष्यभराची कॉफी बिघडवून ठेवली. याची मी यांना कधीही क्षमा करणार नाही. म्हणून पुन्हा सांगते, यांना घेऊन जा.

गुडघ्याला जपा. उलट टपाली उत्तर यावं.

तुमची संतापलेली
धाकटी भावजय

ता. क. महिना फार होतो. आठवडाभर न्या. परक्या उशीवर यांना झोप येत नाही.

आणखी एक ता. क. न्यायाधीशबाईंना नवं अस्तर लावून दिलं. गाऊन नेताना त्यांनी विचारलं की ती भांडी विकणार का. मी ताडकन नाही म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

शेवटचं ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण यांना बोलावू नका. तुम्हीच या. आल्या आल्या माळ्यावरची भांडी काढायला लावा आणि कॉफी करायला सांगा, थोरल्या बहिणीला हे नाही म्हणायचे नाहीत. मला मागता येत नाही, शपथ घेऊन बसले आहे. पण शपथ माझ्यासाठी केलेल्या कॉफीची आहे, तुमच्यासाठी केलेल्या कॉफीबद्दल मी न्यायाधीशांसमोर अवाक्षर काढलेलं नाही. तुम्ही जन्मात कॉफीला शिवला नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावते, कप भरलेलाच उरेल.