एकविसाव्या दिवशी

सोलापूर, ८ जुलै २०२४

चि. काशीस,
अ. उ. आ. वि. वि.

शिवानी रुळली का? यांना अर्धांग झाल्यापासून आईबापाविना वाढणाऱ्या नातीकडे बघणं होईना, म्हणून तुझ्या ओटीत घातली. सांधेज्वरानं तिच्या हृदयाची झडप जराशी गळते. दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनची सुई चुकली नाही तर ऑपरेशन टळेल, असं डॉक्टर म्हणाले. सुई तिकडे मिळेलच असं नाही, म्हणून नऊ बाटल्या एस.टी.तून पाठवल्या आहेत. पोर रडेल. शाळेत लस टोचायला आले की तू माझ्या फ्रॉकमागे लपायचीस, तशी लपू नकोस; तिला धर. फोनवर तू नुसती व्हय व्हय करतेस, तेव्हा लिहून कळव. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, काशम्मा खोटं बोलते, पण खोटं लिहीत नाही.

माया आहेच.
तुझी अक्का, श्रीदेवी

करमाळा, ५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पाचवी सुई काल झाली. शिवानी रडलीसुद्धा नाही. कमलाभवानीच्या पायऱ्या माझ्याआधी चढते. झोपते माझ्याच कुशीत. अज्जी अशी हाक या घरात पहिल्यांदाच ऐकतेय. भावोजींना नमस्कार.

आहे तशीच माया राहू दे.
काशी

सोलापूर, १२ जानेवारी २०२५

काशी,

तापानं फणफणलेली, धापा टाकणारी पोर तू आणून सोडलीस आणि उभ्या उभ्या परत गेलीस. डॉक्टरांनी विचारलं, सुया चुकल्या का? मी तुझी पत्रं पुढे केली, अगदी अभिमानानं. ती त्यांनी वाचली नाहीत. संध्याकाळी तिच्या पिशवीत, तू विणलेल्या स्वेटरात गुंडाळलेल्या आठ बाटल्या सापडल्या. सीलबंद.

झडप आता फार गळते. लहान मुलांची झडप दुरुस्त करणारे डॉक्टर मोजके. पुण्यात ऑपरेशनच्या यादीत तिचा एकेचाळिसावा नंबर आहे.

परक्यानं केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

श्रीदेवी

करमाळा, १७ जानेवारी २०२५

ती. अक्का,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

पहिली सुई दिली होती. दोन दिवस लंगडली, माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या दारातून माघारी आणून जिलेबी खाऊ घातली, तर तिनं गळ्यात हात टाकले. वाटलं, एक चुकली तर काय होतंय. मग दर वेळी एकच चुकतेय असं वाटत राहिलं. बाटल्या फेकवेनात. तोंडानं सांगवेना, म्हणून स्वेटरात ठेवल्या.

तुझी म्हणू का, ते तूच सांग.
काशी

सोलापूर, २२ जानेवारी २०२५

काशी,

तुझं पत्र फाडणार होते. काल सुईच्या वेळी तिघींनी धरूनही शिवानी ऐकेना. तिला दम लागला, तेव्हा नर्सबाईंनी हात मागे घेतला. ऑपरेशनपर्यंत एकही सुई चुकायला नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. पोरीचं एकच म्हणणं: काशी अज्जी आली तरच. तू दुखू देत नाहीस, असा तिचा विश्वास आहे.

पत्र मिळताच पहिल्या गाडीनं ये. मांडीवर तूच घ्यायचंस आणि घट्ट धरायचंस. त्यानंतर ती तुझ्याकडे कशी बघते, ते बघायचंस. मी दाराबाहेर उभी राहीन.

मायेचं आत्ता काही लिहवत नाही, आणि खोटं मी लिहीत नाही.

श्रीदेवी