पात्याची थरथर

उज्जैन, नोव्हेंबर १९५६

प्रिय जयू,

पातं थरथरायचं थांबलं. आज दुपारी मिलच्या मॅनेजरसाहेबांनी कापलेल्या चादरींच्या कडेला स्वतः फूटपट्टी लावून पाहिली आणि कापायचं नवं मशीन पास केलं. आता ते कंपनीकडे परत जाणार नाही.

दसऱ्यापासूनचं हे दुखणं. कापडाच्या काठाला मशीनचं एक बोट टेकलेलं असतं. काठ सरकला की बोट हलतं आणि तेलाचा दाब पात्याला तिकडे ढकलतो. किती जोरात ढकलायचं, ते एका स्क्रूवर. तो आवळला की पातं पलीकडे धावे, परत फिरे, पुन्हा धावे. सैल केला तर काठ सोडून भलतीकडेच. फिटर भेरूलाल म्हणे, "साहब, इसको तो देवी आई है!" आणि खरंच, दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हाचा लाल दोऱ्याचा नाडा कुणीतरी नेमका त्या बोटाच्या बिजागरीवर गुंडाळला होता. बोट अडकून हले, पात्याला खबर उशिरा पोचे. पूजेचा नाडा कापायला कुणी धजेना. शेवटी भेरूलालनेच नमस्कार करून तो सोडला आणि मशीनच्या पायाला बांधला. मग स्क्रू जरासा फिरव, पातं ठरेपर्यंत थांब, असं करत मी तो जागेवर आणला.

आई म्हणाली, "मशीन वठणीवर आलं, आता सुनेला आण." नवं राज्य झालं आणि तुझी कचेरी भोपाळला गेली, ते तिची सून पळवायलाच, असं ती गल्लीभर सांगते.

जयू, आपलंही काही वेगळं चाललेलं नाही. घर खायला उठलं तेव्हा मी लिहिलं, परत ये. चार दिवसांनी वाटलं, इतक्या हौसेची नोकरी, आणि लिहिलं, राहा. तोवर तुझं आलं, "तुम्ही म्हणता तर सोमवारी राजीनामा देते." तू उत्तर देतेस ते माझ्या शिळ्या पत्राला, मी तुझ्या. जोर मात्र दर पत्राला वाढतोय.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. शेजारचे भय्यासाहेब उद्या देवास गेटच्या मोटार अड्ड्यावरून भोपाळला निघताहेत, त्यांच्या हाती देतो. राजीनामा देऊ नकोस. रविवारी मी येतोय. आईही येते आहे. "पोरगी राहते तरी कुठं, बघू दे" म्हणत तिनं स्टोव्ह बांधायला घेतलाय. माझ्या मनातलं तुझ्यासमोर बसून सांगेन. तुझंही तिथंच ऐकेन.

तुझाच,
माणिक