माझ्या हाताला बसेल असं पिस्तूल

बाबा, गेले काही महिने मी पिस्तूल निवडत होते. एवढं एक वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, आणि पाल दिसली तरी अंगणात पळणारी मुलगी म्हणूनच तुम्ही मला ओळखत होतात. आता मी तळा या तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि आई गेल्यापासून आपल्या घरात एकटी राहते. भातकापणी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी स्कूटरवरून परतताना, काजूच्या बागेपुढे रस्ता जिथे ओढ्यावरच्या छोट्या पुलाशी, मोरीवर, अरुंद होतो, तिथे दोघांनी मोटारसायकल आडवी लावली. त्यांनी मला हात लावला नाही. एकाने माझ्या स्कूटरची चावी काढून घेतली, बोटावर फिरवली आणि म्हणत राहिला, “मॅडम, प्लीज म्हणा ना. नीट म्हणा.” मी म्हटलं. त्याने ते पुन्हा म्हणायला लावलं, मग चावी गवतात फेकली आणि दोघे हसत निघून गेले. मी गुडघ्यांवर बसून चावी शोधली. घडलं ते एवढंच. मी ते कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर ते ‘प्लीज’ही सांगावं लागलं असतं.

ज्या गोष्टीची भीती वाटते तिचा अभ्यास करायचा, ही माझी शाळेपासूनची सवय तुम्हाला ठाऊक आहे. मी परवान्यासाठी अर्ज केला आणि वाचायला बसले. नळीची लांबी, मुठीची जाडी, गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतला फरक. परीक्षेला बसल्यासारखं मी ते पाठ केलं. मग एका शनिवारी मुंबईला जाऊन शस्त्रांच्या दुकानाची पायरी चढले. दुकानदार वयस्कर होते, गुजराती वळणाचं मराठी बोलत होते. “बेन, पयला सांगा, करायचा काय? निशाना शिकायचा, ससा मारायचा, का घरात ठेवायचा?” मी विचारलं की तिन्हीला चालेल असं एखादं नसतं का. ते हसले. “लग्नाला नि चिखलात एकच चप्पल घालता का? ससा तर विसरून जा, शिकार कायद्यात बंद हाय. निशाना शिकायला बावीस बोअरची, लांब नळीची. धक्का कमी, हात लवकर बसतो. घरात ठेवायला बत्तीस बोअरचा रिव्हॉल्व्हर. पण लेडीज लोक छोटा मागतात, हलका मागतात. हलका जेवढा, तेवढा हातात उडतो.” परवाना नसताना खरं हत्यार ते हातात देणार नव्हते. नेमबाजीच्या सरावाचं हवेचं पिस्तूल त्यांनी पुढे ठेवलं. त्याची मूठ माझ्या हाताला मोठी होती, चापावर बोट जेमतेम पोचत होतं. समोरच्या कॅलेंडरवर मी ते रोखलं, आणि बाबा, माझ्या मनात संरक्षणाचा विचार नव्हता. मला तो माणूस गवतात गुडघ्यांवर दिसत होता आणि तो प्लीज म्हणत होता. मला ते बरं वाटलं. “बेन, कोणावर धरला हाय?” दुकानदारांनी विचारलं. मी म्हटलं, कुणावर नाही. पिस्तूल खाली ठेवलं तेव्हा मुठीवर माझ्या घामाचा ओला डाग उठला होता, आणि त्यांनी तो फडक्याने पुसला.

परतीच्या बसमध्ये तुमची ठासणीची बंदूक डोळ्यांपुढून हलेना. शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेली गावातली ती एकच बंदूक होती. निवडणूक आली की तुम्ही ती गोणपाटात गुंडाळून तळ्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचात, आणि एस्टीचा कंडक्टर विचारायचा, “हिचं हाफ तिकीट फाडू की फुल?” तुमच्या मित्रांची कुरकुर निराळीच असे. “बंदूक घरात नि सशाचा रस्सा न्हाय, कसला रं तू बंदूकवाला?” तुम्ही म्हणायचात, “परवाना भातासाठी हाय, जिभेसाठी न्हाय.” एकदा तिन्हीसांजेला तुम्ही मला शेतातल्या राखणीच्या माळ्यावर नेलं होतं. भात पोटरीला आलेलं आहे, बांधाच्या खालच्या अंगाला काहीतरी खसफसतं आहे, आणि मी तुमचा सदरा ओढून कुजबुजते आहे, मारा ना, मारा. तुम्ही बंदुकीला हातही लावत नाही. तोंडाला हाताची ओंजळ धरून लांब हाक देता. खालच्या माळ्यावरून कुणीतरी उत्तर देतं, मग ओढ्यापलीकडून, मग कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतं, आणि डुकरं रानाकडे पळतात. मी हिरमुसते. तुम्ही म्हणता, “आधी हाक द्यायची. गवतात कोन बाईमाणूस असंल, तुला काय ठाव? नि हाक दिली की बाकीचे पन जागे व्हतात. बार शेवटाला.” ते मला पुळचटपणाचं वाटलं होतं. पुस्तकांतले शूर पुरुष आधी ओरडत नसत.

मग परवान्याच्या चौकशीसाठी हवालदार गावात आले. शेजारच्या काकी पडवीत वाल सोलत होत्या. शस्त्र कशाला हवं असेल, असं त्यांना विचारल्यावर काकींनी मान वर न करता सांगितलं, “डुकरं लय मातलीत, सायेब. हिचा बाप व्हता तवा भात घरात येत व्हतं.” हवालदार म्हणाले, “अर्जात पिस्तूल लिहिलंय, काकी.” “मग? बारकी बंदूकच ना ती? बाईमाणसाला हलकीच बरी.” हवालदार हसू दाबत निघून गेले. मी पडवीच्या पायरीवर उभी होते. माझ्यासाठी कुणी खोटं बोलतं आहे आणि ते मला सोयीचं आहे, एवढंच मला कळत होतं. काकींनी सूप बाजूला सारलं. “आता खरं सांग. डुकराला पिस्तूल कोन मारतं गो?”

तेव्हा मी पहिल्यांदा मोरीवरचं सगळं सांगितलं, त्या शब्दासकट. बोलून झाल्यावर घरातून काकींची मुलगी उंबऱ्यात आली. ही अकरावीला माझ्याच वर्गात होती. नाताळच्या सुट्टीनंतर तिने कॉलेज सोडलं होतं. काकींनी त्यासाठी तिला बडवलं होतं, आणि मी, मास्तरीण म्हणून, तिला समोर बसवून शिक्षणाचं महत्त्व समजावलं होतं. ती खाली मान घालून ऐकत राहिली होती. आता ती उंबऱ्यातून म्हणाली, “काळी गाडी का, मॅडम? नंबरावर चिखल थापलेली?” मी होय म्हटलं. “माझी ओढणी घेतली त्यांनी,” ती म्हणाली. मग काकी बोलल्या, आणि त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून तो मला अधिक लागला. “हिनं सांगितलं असतं तर मीच म्हनले असते, कालेज चुकवायला सोंग करतेय. तू मास्तरीन. तू एक शबूद टाकला असतास तर सगळा गाव मोरीवर जाऊन बसला असता.”

बाबा, माझ्यानंतर दोन महिन्यांनी ती त्या मोरीवरून चालली होती. तेवढ्या काळात मी मुठींची मापं पाहत होते.

काल आम्ही तिघी ठाण्यात जाऊन तक्रार दिली. आधी ती बोलली, मग मी. लिहून घेणारे तेच हवालदार होते. त्यांनी ‘प्लीज’ हा शब्दही माझ्या तोंडचा जसाच्या तसा लिहिला. आजपासून कॉलेजला जाणाऱ्या चार मुली एकत्र निघणार आहेत, मी स्कूटर हळू चालवत त्यांच्या मागे असणार आहे, आणि संध्याकाळी काकी स्वतः मोरीपर्यंत येणार आहेत. पिस्तुलाचा अर्ज मात्र मी अजून मागे घेतलेला नाही. घेईन असं वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून राहिलेलं तेवढं लिहिते. सही करताना हवालदारांनी मला विचारलं होतं, “मॅडम, एवढे महिने का थांबलात?” ती मुलगी माझ्या शेजारीच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पेपर तपासायचे होते.