पाच नंबरचे आकडे

ता. ३ मार्च

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं आकड्यांचं पाकीट मिळालं. प्रयोगशाळेतली खुर्ची मला आणि ते साग-ऐनाचं रान तुला, अशी वाटणी कोणी केली देव जाणे! मातीवर डबा उपडा ठेवून तिचा श्वास, म्हणजे तिच्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, तू मोजायचा, तक्ते मी भरायचे. बाकी सगळीकडे ठीक आहे: माती तापली की श्वास वाढतो, ओल आटली की मंदावतो. पाच नंबरच्या जागेचा आकडा मात्र ऊन असो, गारठा असो, चढलेलाच. छान चाललंय तुझं!

बाबा रोज बरोबर येतात म्हणे. माझ्या शाळेच्या फाटकापर्यंत कधी न आलेले बाबा! त्यांना झेपतं का? बसतात कुठे?

तुझी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

तू चक्क छान म्हणालीस, म्हणून पत्र दोनदा वाचलं! आपले प्रयोगशाळेचे सर पाच नंबरवर जाम खूश आहेत. तिथे पालापाचोळा दाट, म्हणून ऊन-पाण्याने फरकच पडत नाही, असं मी वीस तारखेला भर सभेत मांडणार आहे. नोकरी कायम होणं त्यावरच ठरेल. जळू नकोस हं!

बाबांना पाचच्या पुढे चढवत नाही, म्हणून तिथेच ठिय्या देतात. डबा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरतात आणि त्यावर वाकून मला जुन्या गोष्टी सांगत बसतात. इतकं बोलणारे बाबा मी कधी पाहिलेच नव्हते.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
ठकी

ता. १५ मार्च

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

जळतेच आहे, आज लिहूनच टाकते. पाच नंबरला मोजला गेलाय तो मातीचा श्वास नाही, बाबांचा आहे. डब्याच्या हवेच्या भोकाशी तोंड नेऊन कोणी बोललं की आकडा चढणारच. मला तीन तारखेलाच शंका आली होती, म्हणून तर बाबा बसतात कुठे ते विचारलं. गप्प बसले. भर सभेत तुझी फजिती व्हावी, असं वाटलं मला. तुझं पत्र वाचून तर अंगाचा तिळपापड झाला. बाबांच्या त्या जुन्या गोष्टींतली एकसुद्धा माझ्या वाट्याला आली नाही गं.

पण तू तोंडघशी पडलीस तर बाबा स्वतःला दोष देतील आणि रानात जायचंच सोडतील. तेव्हा पत्र मिळताच सरांना सांग. डबा दुसरीकडे हलव, बाबांना उठवू नकोस.

पाचचे आकडे तक्त्यातून मी खोडलेत. खोडण्याआधी एकेक माझ्या वहीत उतरवून घेतला. तेवढे बाबा माझे.

रागावलीस तरी पत्र टाकायचं सोडू नकोस.

तुझी,
ताई